नदीप्रणालीला ‘वृक्षाकार’ केव्हा म्हणावे: नकाशावरून पडताळणीची क्रमवार पद्धत

भूगोलाचे प्रकल्प अहवाल, क्षेत्रभेटीची टिपणे आणि पाणलोटाचे आराखडे वाचताना ‘या भागातील नदीप्रणाली वृक्षाकार आहे’ हे वाक्य हमखास भेटते. पुष्कळदा ते खरेही असते, पण ते कशाच्या आधारावर लिहिले आहे असे विचारल्यास ‘नकाशात फांद्या फुटलेल्या दिसतात’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. फांद्या जवळजवळ प्रत्येक नदीप्रणालीला असतात. त्यामुळे फांद्या पाहून दिलेले हे विशेषण निरीक्षण ठरत नाही, तो केवळ अंदाज असतो. पुढील पद्धत नकाशा, ट्रेसिंग पेपर आणि कोनमापक एवढ्या साहित्यावर पूर्ण करता येते. मात्र तिच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक पायरीची मोजणी आधीच्या पायरीच्या अचूकतेवर उभी आहे.

आधी शब्दाचा अर्थ निश्चित करावा

‘वृक्षाकार’ या शब्दात तीन वेगवेगळी विधाने दडलेली आहेत. पहिले असे, की लहान प्रवाह एकमेकांना मिळत मिळत शेवटी एकाच मुख्य प्रवाहात येतात आणि वाटेत कुठेही बंद वळसा तयार होत नाही. दुसरे असे, की उपनद्या मुख्य प्रवाहाला बहुतांशी लघुकोनात मिळतात. तिसरे असे, की प्रवाहांच्या दिशांमध्ये ठरावीक साचा नसतो. डहाळ्या जशा सर्व बाजूंना फुटतात तसे ओहोळ निरनिराळ्या दिशांनी येतात.

यांपैकी पहिले विधान जाळीदार, आयताकृती आणि समांतर प्रणालींनाही लागू पडते, म्हणून केवळ त्यावरून कोणताही निर्णय देता येत नाही. निर्णय दुसऱ्या आणि तिसऱ्या विधानांवर, म्हणजे संगमाचा कोन आणि दिशांची विविधता यांवर होतो. चुकलेल्या अहवालांत नेमक्या याच दोन गोष्टी मोजलेल्या नसतात.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. हे विशेषण प्रवाहांच्या जाळ्याचे आहे. एकट्या नदीला ते लागत नाही आणि खोऱ्याच्या बाह्याकारालाही लागत नाही. खोरे लांबट, गोलसर किंवा पेराकृती असू शकते आणि या प्रत्येकात वृक्षाकार जाळे असू शकते. म्हणून ‘वृक्षाकार नदी’ आणि ‘वृक्षाकार खोरे’ हे दोन्ही प्रयोग टाळावेत.

पूर्वतयारी: नकाशा, प्रमाण आणि क्षेत्र

नकाशाचे प्रमाण सर्वांत आधी ठरवावे. १:५०,००० या प्रमाणावर नकाशावरील एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर, तर १:२,५०,००० वर तेच अंतर अडीच किलोमीटर होते. लघुप्रमाणाच्या नकाशावर लहान ओहोळ गाळले जातात आणि वळणे सरळ केली जातात. त्यामुळे एकच खोरे एका नकाशावर वृक्षाकार आणि दुसऱ्यावर समांतर वाटू शकते. एका लहान नदीच्या खोऱ्यासाठी १:५०,००० किंवा त्याहून बृहत् प्रमाणाचा नकाशा घ्यावा. संपूर्ण काम एकाच प्रमाणावर करावे. दोन प्रमाणांच्या नकाशांवरून उतरवलेले प्रवाह एकाच कागदावर आणले, तर पुढील सर्व आकडे निरुपयोगी ठरतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा १५ मिनिटे अक्षांश व १५ मिनिटे रेखांश एवढा भाग दाखवतो. खोरे त्यात पूर्ण मावत नसेल, तर शेजारचा नकाशा मिळवून जोडून घ्यावा. नकाशाच्या कडेवर तुटलेले प्रवाह तसेच सोडून मोजणी करणे ही फार प्रचलित चूक आहे. कडेला तुटलेला प्रवाह उगम म्हणून मोजला जातो आणि श्रेणी, संगमसंख्या, दिशा हे सगळेच बिघडते.

साहित्य म्हणून चांगल्या प्रतीचा ट्रेसिंग पेपर, बारीक टोकाची पेन्सिल, दोन-तीन रंगांची पेने, अर्धा अंशही वाचता येईल असा कोनमापक आणि नोंदतक्ता पुरेसा आहे. त्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा मिळत असल्यास तो बाजूला ठेवावा, पण प्रवाह उतरवून व मोजून होईपर्यंत उघडू नये. खाली कोणता खडक आहे हे आधीच कळले, की डोळे अपेक्षित आकृतिबंध शोधू लागतात.

पायरी १: जलविभाजक आखणे

ज्या ठिकाणापर्यंतच्या जाळ्याचे वर्णन करायचे आहे, ते निर्गमस्थान मुख्य नदीवर निश्चित करावे. तेथून दोन्ही बाजूंना समोच्चरेषांच्या आधारे सर्वाधिक उंचीच्या कडा आणि खिंडी जोडत जलविभाजकाची रेषा पूर्ण करावी. ही रेषा कोणत्याही प्रवाहाला निर्गमस्थानाखेरीज कुठेही छेदता कामा नये.

तपासणी: रेषेवर बोट फिरवत एक फेरी मारावी. बोट एखाद्या प्रवाहावरून गेले, तर तेथे सीमा चुकली आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पायरी २: प्रवाह उतरवणे

आता सीमेच्या आतील सर्व प्रवाह ट्रेसिंग पेपरवर उतरवावेत. येथे रंगाचा घोळ होतो. भारतीय स्थलदर्शक नकाशांवर पाणी असलेले प्रवाह निळ्या रंगात आणि कोरडे पडणारे प्रवाह काळ्या रेषेत दाखवलेले असतात. नवशिका अभ्यासक निळ्या रेषा तेवढ्या उतरवतो, त्यामुळे जाळ्यातील सर्वांत बारीक आणि संख्येने सर्वांत जास्त असलेले ओहोळ कागदावर येतच नाहीत. खोड आणि जाड फांद्या आल्या, पण डहाळ्या गळाल्या, असा तो आराखडा होतो. दोन्ही रंगांच्या रेषा घ्याव्यात.

समोच्चरेषेला स्पष्ट खाच आहे, पण नकाशात प्रवाह काढलेला नाही, अशी ठिकाणेही आढळतील. तेथे प्रवाह धरावा की नाही याबद्दल अभ्यासकांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. कोणतीही एक पद्धत स्वीकारली तरी चालेल, पण ती संपूर्ण खोऱ्याला लावावी आणि अहवालात नमूद करावी. मोकळ्या दिसणाऱ्या कोपऱ्यात दोन ओहोळ वाढवायचे आणि दाटीच्या भागात खाचांकडे दुर्लक्ष करायचे, हे आकृती सुंदर करण्याचे काम झाले; अभ्यासात त्याला जागा नाही.

पायरी ३: प्रवाहाची दिशा ठरवणे आणि परकीय रेषा वगळणे

प्रत्येक प्रवाहावर लहान बाण काढावा. दिशा ठरवण्यासाठी समोच्चरेषांचा आधार घ्यावा: दरी ओलांडताना समोच्चरेषेचे टोक उगमाकडे, म्हणजे चढाच्या दिशेने वळलेले असते, तर डोंगरसोंडेवर ते उताराच्या दिशेने वळलेले असते. म्हणजे दरीतील बाण टोकाच्या नेमका उलट असतो. टोकाच्याच दिशेने बाण काढणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांच्या आराखड्यात पाणी डोंगर चढत असते.

बाण पूर्ण झाल्यावर तीन प्रकारच्या रेषा वगळाव्यात किंवा वेगळ्या रंगात ठेवाव्यात. पहिला प्रकार कालव्यांचा. कालवा समोच्चरेषेला जवळजवळ समांतर, अनैसर्गिक गुळगुळीत वळणांनी जातो आणि पुढे जाताना फाटे सोडतो. दुसरा प्रकार वितरिकांचा. त्रिभुज प्रदेशात मुख्य नदी समुद्राकडे जाताना फुटते आणि कागदावर तिचे चित्र वृक्षासारखेच दिसते. परंतु तेथे पाणी खोडातून फांद्यांकडे जाते, तर वृक्षाकार नदीप्रणालीत ते डहाळ्यांतून खोडाकडे येते. बाण काढलेले नसतील, तर हा फरक कागदावर दिसतच नाही. तिसरा प्रकार वाळूच्या बेटांभोवती फुटून पुन्हा एकत्र येणाऱ्या प्रवाहांचा. अशा गुंफलेल्या पात्राला एकच मध्यरेषा धरावी.

जलाशयाबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. धरणाच्या पाण्याखाली जुने संगम बुडालेले असतात आणि उपनद्या थेट जलाशयाला मिळताना दिसतात. जलाशय बांधण्यापूर्वीचा नकाशा उपलब्ध असेल, तर तेवढ्या भागासाठी तो वापरावा. नसेल, तर बुडालेल्या भागातील संगम कोनमोजणीतून वगळावेत.

पायरी ४: उगम आणि संगम यांचा ताळा

येथपर्यंतचे काम बरोबर झाले आहे की नाही, हे पाहण्याचा एक सोपा आणि अतिशय विश्वासार्ह मार्ग आहे. जाळ्यात बंद वळसा नसेल आणि प्रत्येक संगमावर दोनच प्रवाह मिळत असतील, तर संगमांची संख्या उगमांच्या संख्येपेक्षा बरोबर एकाने कमी येते. तसेच उगम ते संगम, संगम ते संगम आणि शेवटचा संगम ते निर्गमस्थान असे तुकडे मोजले, तर त्यांची संख्या उगमांच्या दुपटीहून एकाने कमी येते. उदाहरणार्थ, ६४ उगम असतील तर संगम ६३ आणि तुकडे १२७ यायला हवेत.

ताळा जुळत नसेल, तर कारण पुढीलपैकी एक असते: एखादा प्रवाह कुठेच न मिळता अधांतरी राहिला आहे, कुठेतरी वळसा बंद झाला आहे, किंवा एका बिंदूत तीन प्रवाह मिळाले आहेत. तिसऱ्या बाबतीत भिंग घेऊन पाहावे. बहुतेकदा दोन संगम अगदी जवळजवळ असतात आणि पेन्सिलीच्या जाडीमुळे एक झालेले असतात.

इशारा: ताळा जुळला म्हणजे प्रणाली वृक्षाकार ठरली असे समजू नये. त्यावरून पहिले विधान सिद्ध झाले एवढेच म्हणता येते, आणि ते जाळीदार प्रणालीलाही लागू पडते हे वर सांगितलेच आहे.

पायरी ५: श्रेणी देणे

श्रेणी म्हणजे प्रवाहाचा जाळ्यातील दर्जा. तिच्यासाठी भूरूपशास्त्रज्ञ स्ट्राहलर यांची पद्धत वापरावी. हॉर्टन यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्ट्राहलर यांनी १९५२ मध्ये बदल करून ती सोपी केली. ज्या प्रवाहाला एकही उपप्रवाह मिळत नाही तो प्रथम श्रेणीचा. समान श्रेणीचे दोन प्रवाह मिळाले, की पुढील श्रेणी सुरू होते. असमान श्रेणीचे मिळाले, तर मोठी श्रेणीच कायम राहते.

चुका येथे दोन प्रकारच्या होतात. काहीजण श्रेणींची बेरीज करतात आणि दुसऱ्या श्रेणीला पहिली श्रेणी मिळताच तिसरी श्रेणी लिहितात. काहीजण श्रेणी बरोबर देतात, पण मोजताना प्रवाहांऐवजी तुकडे मोजतात. दुसऱ्या श्रेणीच्या प्रवाहाला वाटेत प्रथम श्रेणीचे तीन ओहोळ मिळाले, तरी तो दुसऱ्या श्रेणीचा एकच प्रवाह राहतो. त्याचे चार तुकडे होतात म्हणून तो चारदा मोजू नये.

यानंतर द्विभाजन गुणोत्तर काढावे, म्हणजे एका श्रेणीतील प्रवाहसंख्येला पुढील श्रेणीतील प्रवाहसंख्येने भागावे. प्रथम श्रेणीचे ६४, द्वितीयचे १५, तृतीयचे ४ आणि चतुर्थ श्रेणीचा १ प्रवाह असेल, तर गुणोत्तरे अनुक्रमे ४.२७, ३.७५ आणि ४ येतात. भूरचनेचा प्रभाव कमी असलेल्या खोऱ्यांत हे गुणोत्तर साधारण ३ ते ५ च्या दरम्यान आढळते. त्याहून बरेच जास्त मूल्य आले, तर खडकांच्या रचनेचे नियंत्रण आहे का, हे पुढे बारकाईने पाहावे. पण ३ ते ५ या मर्यादेत आकडा आला म्हणून विशेषण देऊन मोकळे होऊ नये, कारण निरनिराळ्या आकृतिबंधांच्या प्रणाली याच मर्यादेत येतात. अहवालांत या एका आकड्याला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढी त्याची निर्णयशक्ती नाही. श्रेणी येथे मुख्यतः पुढच्या पायरीसाठी हवी आहे.

पायरी ६: संगमकोन मोजणे

हा या संपूर्ण पद्धतीचा गाभा आहे, म्हणून त्याला वेळ द्यावा. कोन नेहमी संगमाच्या वरच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्या दोन प्रवाहांच्या मधला मोजावा. खालच्या बाजूचा कोन मोजला, तर लघुकोनाच्या जागी विशालकोन येतो आणि निष्कर्ष उलटतो.

कोनमापकाची रेषा कोणत्या तुकड्यावर ठेवायची, हा दुसरा प्रश्न असतो. प्रवाह अगदी संगमापाशी पुष्कळदा वळतात. पूरमैदानात तर उपनदी मुख्य नदीला समांतर बरेच अंतर जाऊन मग वळून मिळते. म्हणून संगमाला चिकटलेल्या दोन-तीन मिलिमीटरांवर कोन मोजू नये. संगमापासून वरच्या बाजूला नकाशावर सुमारे एक सेंटीमीटर अंतरावर दोन्ही प्रवाहांवर खूण करावी, त्या खुणा संगमबिंदूशी सरळ रेषेने जोडाव्यात आणि त्या दोन रेषांमधील कोन घ्यावा. प्रवाहच एक सेंटीमीटरपेक्षा लहान असेल, तर त्याचा उगम हीच खूण समजावी.

नोंदतक्त्यात संगमाचा क्रमांक, मिळणाऱ्या दोन्ही प्रवाहांच्या श्रेणी आणि कोन असे स्तंभ ठेवावेत. श्रेणींचा स्तंभ अनावश्यक वाटतो, पण सर्वांत मोठा सापळा तेथेच उघड होतो. रुंद, मंद उताराच्या नदीला दरीच्या उभ्या बाजूवरून उतरणारे लहान ओहोळ जवळजवळ काटकोनात मिळतात, आणि हे खडक पूर्णपणे एकजिनसी असला तरी घडते. कारण भूमितीचे आहे: ओहोळ दरीच्या उतारावरून सरळ खाली येतो आणि मुख्य नदीचा स्वतःचा उतार त्याच्या मानाने नगण्य असल्यामुळे तो नदीच्या दिशेने फारसा झुकत नाही. दोन्हींचे उतार जवळपास सारखे असतील, तेव्हा कोन लहान होतो. म्हणून प्रथम श्रेणीचा ओहोळ थेट तृतीय किंवा त्याहून वरच्या श्रेणीच्या नदीला मिळतो अशा संगमांची यादी वेगळी करावी. समान किंवा लगतच्या श्रेणींच्या संगमांवरच निर्णय आधारावा. असे न करता सगळे कोन एकत्र केले, की चांगली वृक्षाकार प्रणालीही आयताकृती ठरवली जाते.

लगतच्या श्रेणींचे निदान तीस संगम मोजावेत. त्यांतले बहुसंख्य कोन काटकोनापेक्षा स्पष्टपणे लहान असावेत, विखुरलेले असावेत आणि ९० अंशांच्या आसपास त्यांची दाटी नसावी. अमुक एक कोन म्हणजे वृक्षाकार, असा नियम शोधू नये. अमेरिकेतील नदीजाळ्यांच्या मोठ्या प्रमाणावरील मोजणीत शुष्क प्रदेशांत सरासरी कोन सुमारे ४५ अंश आणि दमट प्रदेशांत सुमारे ७२ अंश आढळला आहे, म्हणजे हवामानानुसारही कोन बदलतो. सरासरी एकटीच लिहू नये. अर्धे कोन ३० अंशांचे आणि अर्धे ९० अंशांचे असतील, तर सरासरी ६० येते आणि ती दिसायला निर्दोष असते.

तपासणी: दुसऱ्या व्यक्तीला आधीचे आकडे न दाखवता त्यांतील दहा संगम पुन्हा मोजायला द्यावेत. फरक पाच-सात अंशांहून अधिक येत असेल, तर दोघांची खुणा करण्याची रीत वेगळी आहे.

पायरी ७: दिशांचे वितरण

प्रत्येक प्रथम व द्वितीय श्रेणीच्या प्रवाहाचा उगम आणि त्याचा संगम सरळ रेषेने जोडून त्या रेषेचा उत्तरेपासूनचा कोन नोंदवावा. हे कोन १५ अंशांच्या गटांत विभागून वर्तुळाकार आलेखावर, म्हणजे रोझ डायग्रामवर मांडावेत. खडकातील भेगांची दिशा शोधायची असल्याने ० ते १८० अंश असा अर्धवर्तुळाचा आलेख पुरेसा आहे. ईशान्येकडे जाणारा आणि नैर्ऋत्येकडे जाणारा प्रवाह एकाच भेगेवर असू शकतात.

आलेख कसा वाचायचा? दोन अरुंद, उंच शिखरे एकमेकांपासून सुमारे ९० अंशांवर असतील, तर भेगांचे किंवा वलींचे नियंत्रण जवळजवळ निश्चित आहे आणि ‘वृक्षाकार’ हा शब्द बाजूला ठेवावा. एकच अरुंद शिखर असेल, तर समांतर प्रणालीची शक्यता पाहावी. सर्व गट कमी-अधिक भरलेले असतील, तर तिसरे विधान टिकले. एक रुंद, बसका उंचवटा आला तर घाबरण्याचे कारण नाही, कारण संपूर्ण खोरे एका बाजूला कललेले असले की वृक्षाकार प्रणालीतही दिशा थोड्या एका बाजूला झुकतात.

द्वितीय श्रेणीचा आलेख वेगळा काढण्याचा आळस करू नये. बारीक ओहोळ सर्व दिशांना धावतात, पण मोठ्या प्रवाहांनी भेगा पकडलेल्या असतात, अशी खोरी विरळ नाहीत. एकत्र आलेखात संख्येने जास्त असलेले ओहोळ ही गोष्ट झाकून टाकतात.

पायरी ८: सारख्या भासणाऱ्या प्रणाली वगळणे

जाळीदार प्रणालीत लांब, एकमेकींना समांतर अशा दऱ्यांत मुख्य उपनद्या वाहतात आणि त्यांना दोन्ही बाजूंनी आखूड ओहोळ काटकोनात मिळतात. घड्या पडलेल्या, कठीण-मऊ थरांच्या प्रदेशाचे हे लक्षण असून उत्तर अमेरिकेतील ॲपलाशियन पर्वताचा वलीप्रदेश हे तिचे नेहमीचे उदाहरण आहे. आयताकृती प्रणालीत मुख्य नदीच काटकोनात वळते. संगमकोन काटकोनाच्या जवळ आहेत पण नदी स्वतः सरळ वा मंद वळणाची आहे, अशा वेळी आयताकृतीपेक्षा जाळीदार प्रणालीचा विचार आधी करावा.

ज्वालामुखीच्या शंकूवरून सर्व बाजूंना निघणारे प्रवाह केंद्रत्यागी असतात. येथे निवडलेल्या क्षेत्राची सीमा फसवते. शंकूच्या एका बाजूचे खोरे तेवढे घेतले, तर आतील जाळे वृक्षाकार किंवा समांतर दिसते आणि ते चूकही नसते; फक्त ते विधान त्या खोऱ्यापुरते असते, पर्वतासंबंधीचे नसते.

बारीक कणांच्या मऊ गाळावर किंवा लोएसवर (वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीवर) एका लांब प्रवाहाला दोन्ही बाजूंनी असंख्य आखूड, जवळजवळ समांतर ओहोळ लघुकोनात मिळतात. हा पिसाकार प्रकार वृक्षाकाराचाच उपप्रकार मानला जातो. त्याला नुसते वृक्षाकार म्हटले तरी चालते, पण पिसाकार म्हटल्याने वाचकाला खालच्या मातीविषयी जास्त कळते.

संगमकोन लघु आहेत पण आलेखात एका दिशेचा सौम्य तरी स्पष्ट प्रभाव आहे, अशी मधली स्थिती वारंवार येते. तिच्यासाठी ‘उपवृक्षाकार’ हा शब्द आहे आणि तो वापरण्यात कमीपणा नाही. प्रत्यक्षात पुष्कळ खोऱ्यांना तोच अधिक शोभतो.

संगणकावर काम करताना

एसआरटीएमसारख्या (अवकाशातून रडारने मोजलेल्या) सुमारे ३० मीटर कक्षांच्या उंचीच्या आकडेवारीवरून आज्ञावली काही मिनिटांत प्रवाहजाळे काढून देते, आणि म्हणून वरील पायऱ्या वगळण्याचा मोह होतो. दोन ठिकाणी सावध राहावे. प्रचलित डी-८ पद्धतीत प्रत्येक कक्षातील पाणी शेजारच्या आठपैकी एकाच कक्षाकडे जाते, म्हणजे दिशा ४५ अंशांच्या पटीतच मिळतात. अशा रेषांवर अगदी संगमापाशी मोजलेला कोन हा आज्ञावलीचा कोन असतो, नदीचा नव्हे. येथेही संगमापासून पुरेसे दूर, अनेक कक्ष ओलांडून खूण करावी. सपाट भागात याच पद्धतीमुळे कृत्रिम समांतर सरळ रेषा उमटतात. त्या उपग्रह प्रतिमेवर ताडून काढून टाकाव्यात.

दुसरी गोष्ट प्रवाह सुरू होण्याच्या किमान क्षेत्राची. ही मर्यादा वापरकर्ता ठरवतो आणि ती बदलली की प्रथम श्रेणीचे प्रवाह शेकड्यांनी वाढतात किंवा नाहीसे होतात. स्थलदर्शक नकाशावरील दोन-चार लहान खोऱ्यांतील उगमांशी जुळेल अशी मर्यादा निवडावी आणि अहवालात तिचा आकडा द्यावा.

पायरी ९: खडकाशी ताडणे

आता भूशास्त्रीय नकाशा उघडावा. झिजेला सर्व बाजूंनी सारखाच विरोध करणारा खडक, आडवे थर आणि फारसा तीव्र नसलेला उतार अशा ठिकाणी उगमाकडची झीज कोणत्याही दिशेला सारखीच पुढे सरकते आणि वृक्षाकार जाळे तयार होते. एकसारखा ग्रॅनाइट, आडवे गाळाचे थर किंवा आडवे लाव्हाथर आढळले, तर मोजणीला दुजोरा मिळाला.

मात्र उलट दिशेने तर्क करू नये. ‘प्रणाली वृक्षाकार आहे, म्हणून खडक एकजिनसी आहे’ हे वाक्य धोक्याचे आहे. पूर्वी वर असलेल्या आडव्या थरांवर जाळे तयार झाले, नदीने ते थर झिजवून खालचा वली पडलेला खडक गाठला, पण जुना मार्ग सोडला नाही, अशा अध्यारोपित प्रणाली असतात. तेथे आकृतिबंध आता नाहीशा झालेल्या खडकाचा असतो. म्हणून मोजणी आणि भूशास्त्रीय नकाशा यांत विसंगती आली, तर मोजणी मोडून-तोडून जुळवू नये. विसंगती तशीच नोंदवावी, कारण क्षेत्रभेटीत पाहण्यासारखी जागा तीच असते.

पायरी १०: वाक्य लिहिणे

विशेषण एकटे लिहू नये. त्याच्यासोबत क्षेत्र, नकाशाप्रमाण आणि आधार हे तिन्ही यावेत. ‘येथील नदी वृक्षाकार असून खडक एकसंध आहे’ याऐवजी पुढील नमुना पाहावा: ‘निर्गमस्थानाच्या वरील खोऱ्यात, १:५०,००० प्रमाणाच्या नकाशानुसार, प्रवाहजाळे वृक्षाकार आहे, लगतच्या श्रेणींच्या तीस संगमांपैकी बहुसंख्य लघुकोनी असून प्रथम आणि द्वितीय श्रेणीच्या प्रवाहांना ठळक दिशाप्राधान्य नाही.’ वाक्य लांब होते, पण ते कोणालाही पुन्हा तपासता येते. प्रत्यक्ष अहवालात ‘बहुसंख्य’ या शब्दाच्या जागी आपला आकडा घालावा.

खोऱ्याच्या दोन भागांत दोन आकृतिबंध आढळले, तर सरासरी काढून एकच नाव देऊ नये. वरचा भाग वृक्षाकार आणि खालचा आयताकृती, असे स्पष्ट लिहून बदलाची जागा नकाशावर दाखवावी.

नदीखेरीज अन्यत्र हा शब्द वापरताना

चुनखडीच्या फटीत उमटलेली काळपट शाखायुक्त नक्षी, गोठणाऱ्या धातूतील स्फटिक, चेतापेशीचे फाटे यांनाही वृक्षाकार म्हटले जाते आणि तेथे निकष सैल असतात; शाखा आणि उपशाखा असणे पुरेसे समजले जाते. प्राण्यांच्या बाबतीत मात्र हा शब्द वापरू नये, कारण झाडावर राहणारा प्राणी वृक्षवासी असतो, वृक्षाकार नव्हे. दगडावरील नक्षीसंबंधी एक दक्षता घ्यावी. ती बहुतेकदा मँगनीजच्या ऑक्साइडची असते आणि फटीत झिरपलेल्या पाण्यातून साचलेली असते. तिला वनस्पतीचा जीवाश्म म्हणण्याची चूक संग्रहाच्या पाट्यांवरही दिसते. भिंगाखाली पानांच्या शिरा किंवा देठाची रचना सापडत नसेल आणि नक्षी केवळ फटीच्या पृष्ठभागावरच पसरलेली असेल, तर पाटीवर ‘वृक्षाकार खनिज-नक्षी’ असे लिहावे.